वजनकाट्याचा कॉम्प्युटर : दोन मॉनिटर, एक टीव्ही आणि रिझोल्यूशन एकाचंही धड नाही

कापूसकोंड्या | सोमवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी.

धरणगाव पट्ट्यात जिनिंगवर कामाला आहे, वजनकाट्याचं केबिन माझ्याकडे. कापसाचा सीझन सुरू झालाय, गेटबाहेर गाड्या लागल्यात आणि इथे स्क्रीनने डोकं उठवलंय.

मशीन जुनंच. कोअर आय३-२१००, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज १०. मागे स्क्रीन जोडायला दोन पोर्ट, एक जुन्या पद्धतीचा व्हीजीए, एक नव्या पद्धतीचा एचडीएमआय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

आधी एकच १८.५ इंची मॉनिटर होता, १३६६×७६८ वाला, व्हीजीएवर. त्यावर काट्याचं सॉफ्टवेअर चालायचं. यंदा मालकांनी २४ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला, कारण पावती, खरेदीचं रजिस्टर आणि गेटचे कॅमेरे मला एकदमच बघावे लागतात. शिवाय केबिनबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ३२ इंची टीव्ही लावला. शेतकऱ्याला ट्रॅक्टरवरून न उतरता वजन दिसावं, हा हेतू.

नवा मॉनिटर आणि टीव्ही दोन्ही एचडीएमआयवर, पोर्ट एकच. म्हणून एकाचे दोन करणारा स्प्लिटर आणला. जुना मॉनिटर खिडकीकडे सरकवला, त्याची वायर पुरेना, म्हणून व्हीजीएची एक्स्टेन्शन जोडली. तेव्हापासून:

जुन्या मॉनिटरवर १०२४×७६८ च्या वर पर्यायच येत नाही. पावतीवरचा गोल शिक्का अंड्यासारखा दिसतो.

नवा मॉनिटर १३६०×७६८ वर अडकलाय. अक्षरं धुरकट. सेटिंगमध्ये १९२०×१०८० नावालाही नाही.

टीव्ही स्वच्छ दिसतो, पण त्यावर माझ्या नव्या मॉनिटरचंच चित्र. परवा रजिस्टर उघडं राहिलं आणि मागच्या गाडीवाल्याने पुढच्याच्या कापसाला लागलेला भाव बाहेर उभ्या उभ्या वाचला. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

दुकानदार म्हणतो ड्रायव्हर उडालाय, फॉरमॅट मारावं लागेल. काट्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स या मशीनला बांधलेलं आहे आणि ज्याने ते टाकलं तो माणूस आता फोन उचलत नाही. फॉरमॅट टाळून काही होईल का?

भरीतपुरी | सोमवार, रात्री ९:२५

भाव वाचला म्हणजे पारदर्शक कारभार झाला की भो! मालकाने टीव्हीचे पैसे वसूल केले.

विनोद सोडा. जाणकार येईपर्यंत धागा वर ठेवतो.

सुपरफास्ट_भुसावळ | सोमवार, रात्री ९:४१

दुकानदार बरोबर बोलतोय. आय३-२१०० सेकंड जनरेशनचा. त्याच्या ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर स्वतः काढलेलाच नाही, विंडोज अपडेटमधून येतो तेवढाच. तो बिघडला की रिझोल्यूशन जातं. फॉरमॅट करून विंडोज ७ टाका, मख्खन चालेल. मी तीन वर्षं तेच वापरतोय.

तापीकाठची | सोमवार, रात्री १०:०३

थांबा, फॉरमॅट करू नका. विंडोज ७ तर मुळीच नको. त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झालेत आणि तुम्ही त्या मशीनवर पैशांचा हिशोब ठेवता.

इंटेलच्या ड्रायव्हरबद्दल सुपरफास्ट म्हणतात ते खरं आहे, पण इथे तो दोषी वाटत नाही. ड्रायव्हर खरोखर गेला असता तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असं नाव आलं असतं आणि त्यावर दोन स्क्रीन वेगवेगळी चित्रं दाखवूच शकत नाहीत. तुमच्याकडे दाखवताहेत. म्हणजे ड्रायव्हर जिवंत आहे.

भाऊ, तीन गोष्टी बघून सांगा:

१. डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंग्ज. वरच्या यादीतून एकेक स्क्रीन निवडून त्याचं नाव काय येतं?
२. तिथेच 'डेस्कटॉप रिझोल्यूशन' आणि 'अ‍ॅक्टिव्ह सिग्नल रिझोल्यूशन' असे दोन आकडे असतात. दोन्ही स्क्रीनचे लिहा.
३. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मॉनिटर्स'खाली काय लिहिलंय?

कापूसकोंड्या | मंगळवार, दुपारी २:१८

ताई, जेवणाच्या सुट्टीत बघितलं.

पहिला स्क्रीन (जुना): नाव 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर'. दोन्ही आकडे १०२४×७६८.

दुसरा स्क्रीन (नवा): इथे मॉनिटरच्या कंपनीचं नाव येतच नाही, टीव्हीच्या कंपनीचं येतंय! दोन्ही आकडे १३६०×७६८.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर म्हणून इंटेल एचडी ग्राफिक्स. पिवळं चिन्ह कुठेच नाही.

तापीकाठची | मंगळवार, रात्री ९:३०

झालं, दोन्ही सापडले. कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून नीट लिहिते.

कुठलं रिझोल्यूशन द्यायचं हे कॉम्प्युटर मनाने ठरवत नाही. प्रत्येक मॉनिटरच्या आत एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्याची कुंडली लिहिलेली असते: बनवणारा कोण, मॉडेल कोणतं, कोणकोणते आकडे चालतात आणि त्यातला सगळ्यात आवडता कोणता. हिला ईडीआयडी म्हणतात. मूळ तुकडा फक्त १२८ बाइटचा. मॉनिटर जोडला की ग्राफिक्स चिप वायरीतून ती वाचते आणि विंडोज तुम्हाला तेवढेच पर्याय दाखवतं. वाचता आली नाही, तर विंडोज सांभाळून खेळतं आणि १०२४×७६८ वर थांबतं.

आता तुमचा जुना मॉनिटर. 'जेनेरिक नॉन-पीएनपी' याचा अर्थ एवढाच की तिकडे कुणीतरी आहे, पण त्याने ओळख सांगितलेली नाही. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी लाल, हिरवा, निळा रंग आणि दोन सिंक यांनी चित्र तयार होतं. कुंडली मात्र १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून येते. स्वस्त एक्स्टेन्शनमध्ये या दोन तारा आत जोडलेल्याच नसतात. बाहेरून पिन दिसते, आत तार नाही. चित्र येतं म्हणून माणूस वायरीवर संशय घेत नाही आणि बिचारा ड्रायव्हर शिव्या खातो. एक्स्टेन्शन काढा, मॉनिटरसोबत आलेली मूळ वायर थेट लावा. डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव बदललं की समजा पटलं.

पिना मोजायला बसलात तर एक लक्षात ठेवा. मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन बऱ्याच चांगल्या वायरींमध्येही नसते, ती दिसली नाही म्हणून वायर फेकू नका. बघायची ती तळाची ओळ, ११ ते १५. तिच्यातली १२ किंवा १५ वाकलेली किंवा गायब असेल तर बात खल्लास.

आता नवा मॉनिटर. १३६०×७६८ हा आकडा वाचला तेव्हाच माझा टीव्हीवर संशय गेला होता. फुल एचडी मॉनिटर स्वतःहून हा आकडा मागणार नाही. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीचं पॅनेल बहुतेक १३६६×७६८ चं असतं. आणि कुंडलीच्या एका जुन्या रकान्यात रुंदी ८ ने भागून लिहायची पद्धत आहे. १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही, १३६० ला जातो. म्हणून असे टीव्ही कॉम्प्युटरला बऱ्याचदा १३६० सांगून मोकळे होतात.

तुमचा स्प्लिटर टीव्हीची कुंडली पुढे पाठवतोय. कॉम्प्युटरला वाटतंय की एकच टीव्ही जोडलाय. तोच सिग्नल नव्या मॉनिटरला जातो, तो १३६० ठिपके ओढून १९२० वर पसरवतो, म्हणून धुरकट. काही स्प्लिटर पहिल्या सॉकेटची कुंडली पाठवतात, काही दोघांना जमेल असा लहान आकडा काढतात. स्वस्तातला कोणता काय करेल हे डब्यावर छापलेलं नसतं.

आणि स्प्लिटर म्हणजे एका नळाला दोन पाईप, पाणी दोन्हीकडे तेच. त्याने टीव्हीवर वेगळं चित्र कधीच येणार नाही, कितीही महाग घेतला तरी. तुमचा भावाचा तमाशा त्यातूनच झाला.

आता अडचण ही, की तुमच्या प्रोसेसरमधलं एचडी २००० ग्राफिक्स एका वेळी दोनच स्वतंत्र स्क्रीन चालवतं. तिसरा हवा तर वेगळी सोय लागेल. ती पुढे बघू, आधी हे दोन करून बघा.

भरीतपुरी | मंगळवार, रात्री ९:४४

ताई, ८ ने भाग जात नाही म्हणून १३६०! माझ्या घरच्या टीव्हीला लॅपटॉप लावला की हाच आकडा यायचा, मी टीव्हीच डिफेक्टिव्ह समजून दुकानदाराशी भांडून आलो होतो.

डाळमिल_जळगाव | मंगळवार, रात्री १०:१०

मला एक पटलं नाही. आमच्या मिलमध्ये ऑफिसपासून पॅकिंगपर्यंत व्हीजीएची लांबलचक वायर आहे, फुल एचडी मजेत चालतं. मग व्हीजीए वायरीने रिझोल्यूशन पडतं हे कसं?

तापीकाठची | मंगळवार, रात्री १०:३२

तुमची वायर पूर्ण जोडणीची असणार, म्हणून चालतं. लांबीने व्हीजीएचं चित्र मऊ पडतं, अक्षरांमागे सावली येते, पण रिझोल्यूशनचा आकडा लांबीने आपोआप घसरत नाही. तो घसरतो कुंडली पोहोचली नाही की. दुखणी दोन आहेत, लोक एकच समजतात.

एचडीएमआयचं उलटं. तिथे सावली-बिवली नाही. चित्र पूर्ण येतं, नाहीतर ठिपके चमकतात, नाहीतर स्क्रीन काळा. साध्या तांब्याच्या वायरीने फुल एचडी १०-१५ मीटर जातं, त्यापुढे नशीब. लांब न्यायचंच असेल तर कॅट-६ (नेटवर्कच्या वायरी) वरचा एक्स्टेंडर घ्यावा, त्याला दोन्ही टोकांना काय लागतं ते विचारून.

सुपरफास्ट_भुसावळ | मंगळवार, रात्री १०:४०

माझ्याकडे फॉरमॅटनंतर चाललं होतं हे मात्र खरं.

तापीकाठची | मंगळवार, रात्री १०:४६

चाललं असेल. फॉरमॅटसाठी सीपीयू दुकानात नेला असेल, परत आणून सगळ्या वायरी नव्याने घट्ट लावल्या असतील. :)

लालतिखट | बुधवार, सकाळी ७:५५

नंदुरबारहून लिहितोय. मिरचीच्या धंद्यात काट्याशी रोजचा संबंध.

भाऊ, बाहेर टीव्ही कशाला? काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याला, मागे सिरियल पोर्ट असतो. त्यावर जम्बो डिस्प्ले लागतो, मोठे लाल एलईडी आकडे. कॉम्प्युटर बंद असला तरी वजन दिसतं. भर दुपारी उन्हात लांबून वाचता येतं. इंडिकेटरला आरएस-४८५ असेल तर वायर शेकडो मीटर नेता येते, साध्या आरएस-२३२ ची मात्र १५ मीटरच्या आसपास मर्यादा धरा.

आणि आपल्याकडचा मे महिना विसरू नका. पारा ४५ च्या पुढे गेला की पत्र्याखाली टीव्ही काळा पडेल. एलसीडीचा पडदा फार तापला की त्यातलं द्रव काम सोडतं, गार झाल्यावर परत येतं. पण रोज रोज तो खेळ केला तर टीव्ही किती दिवस पुरेल?

कापूसकोंड्या | बुधवार, दुपारी २:०५

लालतिखट दादा, जम्बो डिस्प्ले मालकांना मागच्या वर्षी सुचवला होता. पण त्यावर फक्त चालू वजन येतं. शेतकऱ्याला भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं आणि निव्वळ अशी तिन्ही वजनं गाडी नंबरसकट दिसली पाहिजेत. नाहीतर तो केबिनमध्ये येतोच, वाकून स्क्रीन बघतो आणि मागची रांग खोळंबते. कुणाच्या मनात शंका राहिली तर गावभर होते. टीव्ही लावल्यापासून ती कटकट कमी झालीय हे मान्य करावं लागेल.

मे महिन्यात मात्र आमचं जिनिंग बंद असतं, टीव्ही काढून आत ठेवीन.

ताई, जुनी वायर थेट लावली. मॉडेलचं नाव आलं, १३६६×७६८ आलं, शिक्का गोल झाला. स्प्लिटर काढून नवा मॉनिटर थेट जोडला, तर १९२०×१०८० स्वतःच निवडलं गेलं. अक्षरं कशी कोरल्यासारखी दिसतात! आता टीव्ही भिंतीवर नुसता शोभेला आहे. तिसऱ्याची सोय सांगा.

पांझरा_रिटर्न्स | बुधवार, संध्याकाळी ६:५०

मी सांगतो, धुळ्यात हेच काम करतो.

पहिला मार्ग ग्राफिक्स कार्ड. सेकंडहँड बाजारात बरीच मिळतात, पण सॉकेट तीन दिसतात म्हणून स्क्रीन तीन चालतील असं धरू नका. जीफोर्स २१० ला व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय तिन्ही असतात, चालतात एकावेळी दोनच. जीटी ७३० नावाची तर वेगवेगळ्या चिपांची कार्डं बाजारात आहेत. जुन्या फर्मी चिपवालं दोन स्क्रीनला थांबतं, केप्लरवालं पुढे जातं. डबा आणि नाव तेच. घेताना तीन स्क्रीन लावून दाखव म्हणायचं, नाहीतर पैसे काढायचे नाहीत.

कार्ड लावलं की बरेच बोर्ड मूळचे पोर्ट बंद करतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' असा पर्याय असेल तर तो चालू करून दोन्हीकडचे पोर्ट वापरता येतात. एच६१ च्या सगळ्याच बोर्डांत तो पर्याय नसतो.

दुसरा मार्ग यूएसबीला लागणारा डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर. एच६१ चिपसेटमध्ये स्वतःचं यूएसबी ३ नाही. बोर्डवाल्याने वेगळी चिप टाकली असेल तरच निळा पोर्ट दिसेल. यूएसबी २ वर ४८० मेगाबिटची वाट, तिच्यातून चित्र दाबून दाबून जातं आणि ते दाबायचं काम तुमच्या आय३ वर पडतं. आकडे दाखवायला चालेल, कॅमेरे त्या स्क्रीनवर ओढू नका.

तिसरा मार्ग फुकटातला. तिसरा स्क्रीन तुम्हाला खरंच लागतो का? फुल एचडीवर १०२४ रुंदीचं काट्याचं सॉफ्टवेअर डावीकडे ठेवलं तरी उजवीकडे ८९६ ठिपके उरतात, रजिस्टर तिथे बसतं. १८.५ इंचीला निवृत्ती द्या. मोकळा झालेला व्हीजीए टीव्हीला द्या. टीव्हीच्या मागे 'पीसी' लिहिलेलं निळं सॉकेट आहे का बघा.

कापूसकोंड्या | बुधवार, रात्री ८:२२

आहे! 'पीसी इन' लिहिलंय. आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर वेगळाच आहे, त्यालाही व्हीजीए आहे. म्हणजे १८.५ इंची कायमचा कॅमेऱ्यांना देता येईल, कॉम्प्युटरचा संबंधच नको. हे आधी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पांझरा_रिटर्न्स | बुधवार, रात्री ८:३१

मग तर प्रश्नच मिटला. टीव्हीपर्यंत पूर्ण पिनांची, जाड, दोन्ही टोकांना फेराइटचा गोळा असलेली एकसंध वायर घ्या. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन नको. वजनाचे आकडे बोटभर उंचीचे असतात, चित्र थोडं मऊ पडलं तरी कुणाला कळणार नाही.

तापीकाठची | बुधवार, रात्री ९:०५

हे माझ्या सगळ्या पर्यायांपेक्षा चांगलं आहे. फक्त एक: विंडोज+पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट' राहिलं तर दोन्ही स्क्रीनना एकच आकडा घ्यावा लागेल, नवा मॉनिटर परत धुरकट होईल आणि भाव परत बाहेर जाईल.

गिरणामाय | बुधवार, रात्री ९:४०

भो, मन्हा बी असाच लोचा व्हयेल शे. शाळामां टीव्हीले लॅपटॉप जोडेल शे, एचडीएमआयवर. रिझोल्यूशन बरोबर शे पण चारी बाजूना कडा कापाई जातस. एक्सेलनी पहिली लाईन दिसतच नही. काय करानं?

भरीतपुरी | बुधवार, रात्री ९:४८

हाई ओव्हरस्कॅन शे भो. जुन्या काळच्या ट्यूबवाल्या टीव्हीत चित्राची कड झाकली जायची, ती सवय नव्या टीव्हींनी उगाच सांभाळलीय. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साईजमध्ये जा. 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' असं काहीतरी नाव असेल, कंपनीप्रमाणे बदलतं. ते करा. लॅपटॉपमध्ये काही छेडू नका. काही टीव्हींमध्ये त्या इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं की आपोआप नीट होतं.

गिरणामाय | बुधवार, रात्री १०:०२

सकाय शाळामां जाईसन पाहस. धन्यवाद भो.

कापूसकोंड्या | शनिवार, रात्री ८:४०

टीव्ही व्हीजीएवर चालू. नवा मॉनिटर १९२०×१०८०, टीव्ही १३६०×७६८, दोन्हींवर वेगळं चित्र. टीव्हीवर फक्त वजनाची खिडकी. अक्षरांमागे किंचित सावली आहे, पण ट्रॅक्टरवरून ती दिसत नाही. जुना मॉनिटर कॅमेऱ्यांना दिला.

दोन कटकटी उरल्यात.

एक, टीव्ही रिमोटने बंद असला तरी कॉम्प्युटरला तो दिसतच असतो. सॉफ्टवेअरच्या काही खिडक्या तिकडे उघडतात आणि मला सापडत नाहीत.

दोन, मालकांच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून नव्या मॉनिटरचं स्केलिंग १५० टक्के केलं. तर पावतीच्या फॉर्मचं खालचं 'प्रिंट' बटण टास्कबारखाली गेलं. रिझोल्यूशन तर बरोबर आहे, मग जागा का कमी पडली?

तापीकाठची | शनिवार, रात्री ९:१५

खिडकी हरवली की टास्कबारवर तिच्यावर क्लिक करून विंडोज+शिफ्ट+डावा बाण. ती शेजारच्या स्क्रीनवर उडी मारते. नाही आली तर उजवा बाण. आणि डिस्प्ले सेटिंग्जमध्ये नव्या मॉनिटरवर 'मेक धिस माय मेन डिस्प्ले' अशी खूण करून ठेवा, नव्या खिडक्या शक्यतो तिथेच उघडतील.

स्केलिंगचं असं, की ठिपके १९२०×१०८० च राहतात, पण प्रत्येक गोष्ट दीडपट मोठी काढली जाते. उंची १०८० भागिले १.५, म्हणजे ७२० एवढीच जागा वापरायला उरते. तुमचा फॉर्म ७६८ उंचीच्या पडद्यासाठी बनवलेला, मग बटण खाली जाणारच. १२५ टक्के ठेवा, ८६४ मिळतात. मालकांना तेवढ्याने भागत नसेल तर सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', तिथे ओव्हरराइडची खूण करून 'अ‍ॅप्लिकेशन' निवडा. बाकी विंडोज मोठं, हा एक फॉर्म मूळ आकारात. जुन्या प्रोग्रॅमवर याने कधी कधी अक्षरं बॉक्सबाहेर येतात, तेव्हा बघून ठरवा.

लालतिखट | शनिवार, रात्री ९:५०

काम झालं ते छान. पण भाऊ, केबिन आणि शेडचं अर्थिंग एकच आहे का? जिनिंगच्या मोठ्या मोटरी सुरू होताना दोन जागच्या अर्थिंगमध्ये फरक पडला तर तो व्हीजीए-एचडीएमआयच्या वायरीतून वाट काढतो आणि पोर्ट जळतात. आमच्याकडे असं झालंय. आणि काट्यावर वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी लोडसेल (काट्याखालचे वजन मोजणारे सेन्सर) आणि इंडिकेटर सोडवून घ्या. टीव्ही जोडलाय तर आता तीही वायर काढायची. वेल्डिंगवाला अर्थ कुठेही अडकवतो.

सुपरफास्ट_भुसावळ | शनिवार, रात्री १०:०५

आणि सीपीयू उघडून कापूस काढा आधी. जिनिंगमधल्या मशीनच्या पंख्यात गादी भरता येईल एवढा निघतो. हे तरी मान्य करा ताई!

तापीकाठची | शनिवार, रात्री १०:०९

शंभर टक्के मान्य. आणि जमलं तर सीझन संपल्यावर मशीन बदला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. तोवर लायसन्सवाल्या माणसाला शोधून ठेवा.

कापूसकोंड्या | रविवार, सकाळी ११:३०

१२५ टक्क्यांवर बटण दिसतंय, मालकांनाही वाचता येतंय.

अर्थिंगचं आमच्या वायरमनला विचारलं. शेडचा बोर्ड वेगळ्या लाईनवर निघाला. टीव्हीची पिन आता केबिनच्या बोर्डातूनच, कॉम्प्युटरच्या यूपीएसशेजारून ओढून घेतली. कापूस उद्या ब्लोअरने काढतो, आज गाड्या जास्त आहेत.

स्प्लिटर नवाच आहे, कुणाला दोन टीव्हींवर एकच चित्र दाखवायचं असेल तर सांगा, अर्ध्या किमतीत देतो.